हाताने रंगवलेला सिनायचा ख्रिस्त, आणि त्यावर टाकायचं कापड

घरात आयकॉन, म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेलं ख्रिस्ताचं किंवा संताचं प्रार्थनेसाठीचं चित्र, ठेवावा का, हा विषय आमच्या प्रार्थनागटात निघाला की लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, बायबलमध्ये निर्गम 20 मध्ये कोरीव मूर्ती करू नको असं स्पष्ट लिहिलंय, मग चर्चा कसली? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, देव माणूस झाला, त्याला चेहरा होता, मग तो रंगवला तर बिघडलं कुठे? मी दोन्हीकडे राहिले आहे. माहेरच्या चर्चमध्ये समोरच्या भिंतीवर रिकामा क्रूस आणि एक वचन, बाकी नुसता चुना. सासर कॅथलिक, प्रत्येक खोलीत कोणी ना कोणी संत. त्यामुळे एका छोट्या कार्यशाळेकडून सिनायच्या ख्रिस्ताची प्रत मागवली तेव्हा मी ती दोन्ही नजरांनी तपासली. परीक्षण वस्तूचंच आहे: फळी, रंग, सोनं, सोबतचं कापड आणि पुस्तिका. पण आयकॉन प्रार्थनेत कसा वागतो हे सांगितल्याशिवाय त्याचं परीक्षण पुरं होत नाही, म्हणून तेही सांगते.

आधी मूळ चित्राबद्दल. ते सहाव्या शतकातलं आहे आणि सिनाय पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरीनच्या मठात आजही आहे. उंची 84 सेंटिमीटर, रुंदी साधारण 45. रंग गरम मेणात कालवून लाकडावर लावलेले. नंतरच्या काळात कोणीतरी त्यावर दुसरा रंग चढवला होता. 1962 मध्ये तो उतरवला तेव्हा खालचा जुना चेहरा पुन्हा उजेडात आला. आठव्या शतकात बिझंटाईन सम्राटांनी प्रतिमा काढून टाकायला सुरुवात केली तेव्हा सिनाय त्यांच्या राज्याबाहेर, मुस्लिम सत्तेखाली होता, म्हणून हे चित्र वाचलं. परंपरा मानते की ‘कोरीव मूर्ती करू नको’ ही आज्ञा याच पर्वतावर मिळाली. ख्रिस्ताच्या आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या आयकॉनांपैकी एक त्याच पर्वताखाली जपला गेला, याचं मला फार मोल वाटतं. सगळा वाद एकाच डोंगराच्या अंगावर आहे.

आमची प्रत मेणाची नाही, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांची आहे. कार्यशाळेने हे आधीच सांगितलं होतं. उंची 30 सेंटिमीटर, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. फळी लिंडेनच्या लाकडाची, आणि मागे दोन आडव्या पट्ट्या खाचेत सरकवलेल्या आहेत, म्हणजे हवा बदलली तरी फळी वाकत नाही. लाकडावर कापड चिकटवून त्यावर खडू आणि सरसाचे थर दिलेत, ते घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत केलेत, मग लाल मातीच्या लेपावर सोन्याचा वर्ख, मग रंग. शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात. पार्सल उघडलं तेव्हा पहिला वास त्या तेलाचा आला आणि पुढे बरेच दिवस खोलीत रेंगाळला. ज्यांना तेलाच्या वासाचा त्रास होतो त्यांनी सुरुवातीला खिडकी उघडी ठेवावी. सांगितल्यापेक्षा उशीर बराच झाला. कारण विचारलं तर तेल वाळायला वेळ लागतो असं उत्तर आलं, आणि ते खरंही आहे. पण ही माहिती पैसे भरण्याआधी द्यायला हवी होती.

आता चेहरा. ही प्रत घ्यायची की नाही, ते सगळं चेहऱ्यावरच ठरतं. मूळ चित्रात ख्रिस्ताच्या चेहऱ्याचे दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या डाव्या हाताचा भाग शांत आहे, भुवई सरळ, डोळा मोकळा, ओठाचा कोपरा सैल. उजव्या हाताचा भाग कठोर. तिथली भुवई चढलेली आहे, डोळ्याखाली सावळा खड्डा आहे, ओठ खाली ओढलेला. तळहाताने एक बाजू झाकून पाहा, मग दुसरी, दोन निराळी माणसं समोर येतात. हात काढला की पुन्हा एकच माणूस, आणि तो आपल्याकडे बघतोय. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रतींमध्ये कठोर बाजू सौम्य करून टाकलेली असते. रंगवणाऱ्याला ती चूक वाटते, किंवा विकणाऱ्याला वाटतं की गिऱ्हाईक बिचकेल. मी मागणी देतानाच लिहिलं होतं की उजवी बाजू जशी आहे तशीच हवी. रंगवणाऱ्या बाईंनी ती तशीच ठेवली. चढलेल्या भुवईत त्यांनी हिरवट छटेवर एकच बारीक पांढरी रेघ ओढली आहे, भिंगाखाली पाहिली तरी थरथर दिसत नाही. त्या एका रेघेसाठी मी या कार्यशाळेला पूर्ण गुण देते.

दिवा कुठे ठेवायचा तेही सांगते, कारण पुस्तिकेत नाही. समोर ठेवू नका, सोनं भगभगतं आणि चेहरा काळा पडतो. डाव्या बाजूला, फळीच्या खालच्या कडेच्या पातळीवर ठेवा. मग प्रभामंडळातल्या कोरलेल्या रेघा उजळतात आणि चेहरा मऊ उजेडात राहतो. आयकॉनात कुठेच पडछाया नसते, त्यामुळे दिवा कुठल्याही बाजूला ठेवला तरी चित्रातल्या उजेडाशी भांडण होत नाही. चित्राचा उजेड त्याचा स्वतःचा आहे. माहेरच्या संस्कारामुळे माझ्या मनात धास्ती होती की डोळे रंगातच अडकतील. तसं झालं नाही. सुंदर तैलचित्रात मी कापडाच्या चुण्या बघत बसते, हाताच्या शिरा बघते, चित्रकाराचं कसब बघते. इथे बघायला तेवढं नाहीच. एक चेहरा, एक हात आशीर्वादाचा, एका हातात ग्रंथ. नजर फिरून फिरून डोळ्यांकडे येते आणि मग आपल्यालाच कोणी पाहतंय अशी जाणीव होते. कोणाशी तरी मनात राग धरून त्याच्यासमोर बसले की उजवी बाजू मला सोडत नाही. थकून बसले की डावी बाजू बोलावते. दोन्ही एकाच चेहऱ्यात असल्यामुळे, मला हवा तेवढाच ख्रिस्त उचलून नेता येत नाही.

पुस्तिका मात्र कमी पडली. गुळगुळीत कागद, सुंदर छपाई, आणि आत पानोपानी एकच गोष्ट: आयकॉन म्हणजे स्वर्गाची खिडकी. बरं, पण मग निर्गम 20 चं काय? अनुवाद 4 मध्ये मोशे लोकांना बजावतो की होरेबात, म्हणजे सिनायवरच, तुम्ही शब्द ऐकलेत, आकृती पाहिली नाहीत, त्याचं काय? ज्या गिऱ्हाइकाला ही शंका नाही त्याला पुस्तिकेची गरज नाही, आणि ज्याला आहे त्याला उत्तर नाही. खरं तर उत्तर देण्यासारखं पुष्कळ आहे. 754 मध्ये हिएरियाच्या परिषदेत जमलेल्या, प्रतिमांना विरोध करणाऱ्या बिशपांचा मुद्दा हलका नव्हता. ते म्हणत, रंगवलेला ख्रिस्त एक तर नुसता माणूस, म्हणजे त्याचं देवपण कापून वेगळं केलं. नाही तर देवपणाला रंगाच्या चौकटीत कोंडलं. त्याची खरी प्रतिमा एकच, प्रभुभोजनाची भाकर. 787 मध्ये निकीयाच्या दुसऱ्या परिषदेने उलट निर्णय दिला: उपासना फक्त देवाची, प्रतिमेला आदर, आणि तो आदर प्रतिमेवरून मूळ व्यक्तीकडे जातो. प्रतिमांची बाजू घेणारा संन्यासी, दमास्कसचा योहान, त्याआधीच लिहून गेला होता की मी जडाची, म्हणजे भौतिक पदार्थाची, उपासना करत नाही, माझ्यासाठी जो जड झाला त्या जडाच्या कर्त्याची करतो. प्रेषित पौल ख्रिस्तालाच अदृश्य देवाचं प्रतिरूप म्हणतो, तोच या सगळ्याचा पाया. दोन पानांत हे मांडता आलं असतं.

आणि पितळी सर्पाची गोष्ट तर पुस्तिकेत पहिल्याच पानावर हवी होती. गणना 21 मध्ये देव स्वतः मोशेला सर्प घडवून खांबावर लावायला सांगतो, त्याच्याकडे पाहून लोक वाचतात. पुढे 2 राजे 18 मध्ये हिज्कीया राजा तोच सर्प फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते, त्याला नहुश्तान म्हणत होते. शास्त्र दोघांनाही दोष देत नाही. घडवणाराही देवाचा माणूस, फोडणाराही. त्याच शास्त्रात कराराच्या कोशावर सोन्याचे करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय जीव, घडवायची आज्ञा आहे, आणि त्या दोन करुबांच्या मधली जागा रिकामी आहे. आमच्या गटातल्या दोन्ही तटांनी ही वचनं एका बैठकीत लागोपाठ वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

सोबत येणारं लिननचं कापड हे या कार्यशाळेचं वैशिष्ट्य. इतर ठिकाणी मी ते पाहिलं नाही. कॅथलिक चर्चमध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पाचव्या रविवारपासून क्रूस आणि प्रतिमा झाकायची प्रथा आहे. क्रूस गुड फ्रायडेच्या उपासनेत उघडतो, बाकीच्या प्रतिमा ईस्टरच्या जागरणाला. हे कापड त्यासाठी. कल्पना इतकी योग्य आहे की मी आयकॉनइतकीच तिची शिफारस करते. पण कापड पातळ निघालं. दिवसा ठीक, संध्याकाळी दिवा लावला की आतून सोन्याची वर्तुळाकार कड दिसते, आणि एकदा ती दिसली की मन उरलेला चेहरा भरून काढतं. झाकल्याचा काही उपयोग राहत नाही. मी कळवलं, त्यांनी दुपदरी कापड पाठवलं, वेगळे पैसे घेतले नाहीत. आता दिवा लावला तरी फक्त एक करडा चौकोन दिसतो.

त्या करड्या चौकोनासमोर बसणं अवघड आहे. धर्मसुधारक लूथरने 1525 मध्ये प्रतिमा फोडणाऱ्यांना उत्तर देताना लिहिलं होतं की ख्रिस्ताच्या दुःखाचं ऐकलं की माझ्या मनात क्रूसावरच्या माणसाचं चित्र उमटतंच, मला हवं असो वा नसो; मग मनात ते असणं पाप नसेल तर डोळ्यांपुढे असणं पाप का? कापड टाकल्यावर हे पहिल्याच संध्याकाळी पटतं. भिंतीवरचा चेहरा गेला, मनातला तसाच राहिला, उलट अधिक ठसठशीत झाला. मिसरच्या वाळवंटातला इवाग्रियस, चौथ्या शतकातला संन्यासी, इथे थांबू देत नाही. तो सांगतो, प्रार्थनेत देवाला मनातल्या मनातसुद्धा आकार देऊ नकोस. चौदाव्या शतकातला एक निनावी इंग्रज लेखक त्यासाठी एक छोटासा शब्द हाताशी धरायला सांगतो, ‘देव’ किंवा ‘प्रीती’ एवढाच. मी तसं करते. शब्द म्हणायचा, चित्र आलं की त्याच्याशी झटापट न करता पुन्हा शब्द. कधी थोडा वेळ चित्र येत नाही. तेव्हा जे असतं त्याला मी शांती म्हणणार नाही. ती आठवण आहे, कोणाची ते माहीत असलेली.

पण या वाटेवर ढकलाढकली करू नये, हे मला ठासून सांगायचं आहे. संन्यासी लेखक योहान कासियनने सेरापियन नावाच्या एका म्हाताऱ्या संन्याशाची हकीकत लिहून ठेवली आहे. सेरापियन साधा आणि कडक आचरणाचा, आयुष्यभर देवाला मनुष्यरूपात डोळ्यांपुढे धरून प्रार्थना करत आला. 399 साली अलेक्झांड्रियाच्या बिशपचं पत्र आलं की देवाला मनुष्याकार मानणं चूक. विद्वानांनी त्याला समजावलं, त्याला पटलं, सगळ्यांनी आनंदाने आभारप्रार्थना सुरू केली. आणि तो म्हातारा जमिनीवर कोसळून रडायला लागला: माझा देव यांनी नेला, आता मी कोणाला धरू? सिद्धांत बरोबर होता. तरीही त्या रडण्याला कोणाकडे उत्तर होतं असं मला वाटत नाही. सोळाव्या शतकातली स्पॅनिश संन्यासिनी, आविलाची तेरेसासुद्धा यातून गेली. तिला पुस्तकांनी सांगितलं होतं की वरच्या पायऱ्यांवर जायचं तर ख्रिस्ताचं माणूसपणही मागे टाकावं लागतं. तिने काही काळ तसा प्रयत्न केला आणि नंतर स्वच्छ लिहून ठेवलं की तो मार्ग चुकीचा होता. 1554 च्या सुमाराला तिचं मन वळलं तेही जखमी ख्रिस्ताच्या एका प्रतिमेसमोर. प्रतिमा सोडण्याच्या नावाखाली ख्रिस्तच सुटत असेल तर कापड ताबडतोब काढावं.

आमच्या सासूबाईंना आता जवळजवळ दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, चेहरे कळत नाहीत. आयकॉन आला तेव्हा त्यांनी तो मांडीवर घेतला आणि बोटांनी वाचला. प्रभामंडळाच्या रेघा सोनं चढवण्याआधी खडूच्या थरात कोरलेल्या असल्यामुळे त्या बोटाला लागतात, ग्रंथाच्या कडेचे ठिपके लागतात. छापील प्रतीत हे मिळालं नसतं. पुढे लेंटमध्ये मी कापड टाकलं, आणि त्यांना हात लावता यावा म्हणून ते बाजूला करायला गेले, तर म्हणाल्या, “अगं, माझ्यासाठी काढू नकोस. माझ्या डोळ्यांवर वर्षभर असंच कापड आहे. तुम्हाला थोडे दिवस कळू दे.” मग बराच वेळ त्या आपल्या जुन्या चर्चमधल्या मारियेच्या प्रतिमेबद्दल बोलत राहिल्या, निळ्या झग्याचा रंग कुठे उडाला होता, पायाचं एक बोट कसं तुटलेलं होतं. ती प्रतिमा त्यांना आता दिसायची नाही, आणि तिने जिच्याकडे बोट दाखवलं त्या मारियेशी त्यांचं बोलणं रोज चालू आहे. मला वाटतं, ज्याने डोळे भरून पाहिलं त्यालाच सोडता येतं. माहेरच्या रिकाम्या भिंतीसमोर मी जे करत होते त्याला मी त्याग म्हणत असे, पण सोडायला माझ्या हातात काही नव्हतं. आता त्या भिंतीसमोर बसायला मला पूर्वीपेक्षा जास्त आवडतं.

म्हणूनच मला तेरेसाच्याच काळातला स्पॅनिश संन्यासी, क्रूसाचा संत योहान जवळचा वाटतो. सगळ्या प्रतिमा, सगळी दर्शनं, सगळी गोडी मागे टाका असं सांगणाऱ्यांत त्याच्याइतका कठोर कोणी नाही. त्याने परिपूर्णतेच्या पर्वताचा नकाशा काढला त्यात वाटेवर ‘काही नाही, काही नाही’ असंच पुन्हा पुन्हा लिहिलंय. आणि त्याच माणसाने आविलात असताना कागदाच्या एका लहानशा तुकड्यावर क्रूसावरचा ख्रिस्त रेखाटला, वरून एका बाजूने पाहिलेला, डोकं पुढे लोंबणारं, हात खिळ्यांना ताणलेले. तो कागद आजही तिथल्या मठात आहे. प्रतिमा मोडा म्हणणाऱ्यांशी आपलं जमत नाही, असं त्याने लिहूनही ठेवलंय. त्याची तक्रार वेगळ्यांबद्दल होती: जे मूर्तीला नवनव्या तऱ्हेचे कपडे चढवत बसतात, एकाच्या जागी दहा चित्रं जमवतात, आणि एखादं हरवलं की कासावीस होतात. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी त्याचं एक पान तरी घ्यावं.

छापील प्रत चालेल का, असं गटातल्या दोघीतिघींनी विचारलं. चालेल, फक्त चकचकीत लॅमिनेशनची नको, त्यात ख्रिस्ताऐवजी खोलीतला बल्ब दिसतो. मॅट कागद फळीवर चिकटवलेला घ्या आणि उजवी भुवई चढलेली आहे ना ते बघून घ्या. इ.स. पाचशेच्या आसपासच्या काळातला ख्रिस्ती लेखक दिओनिसियस तर म्हणतो की देवासाठी साध्या, ओबडधोबड उपमा अधिक सुरक्षित, कारण सोन्याच्या तेजस्वी रूपाला माणूस देवच समजून बसेल, किड्याच्या उपमेला कोणी समजणार नाही. तेव्हा ज्यांना सुंदर वस्तूची ओढ जरा जास्त आहे, जे आधीच भिंती भरून बसलेत, त्यांनी ही प्रत घेऊ नये, साधा लाकडी क्रूस पुरे. ज्यांच्या घरी कधीच प्रतिमा नव्हती आणि ज्यांना शंका आहे त्यांनी मात्र जरूर घ्यावी, आणि निदान एक ईस्टर ते पुढचा ईस्टर एवढा काळ तिच्यासोबत काढून मग मत बनवावं.

मागवताना तीन गोष्टी लिहून कळवा. तेलाचा हात देण्याआधी चेहऱ्याचा फोटो पाठवायला सांगा, नंतर दुरुस्ती होत नाही. वाळायला लागणारा वेळ धरून तारीख मागा. आणि कापड दुपदरीच हवं असं स्पष्ट सांगा, ते आपणहून अजून पातळच पाठवतात. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, आणि मेणबत्ती फळीपासून हातभर लांब ठेवा, काजळी पहिल्यांदा सोन्यावर बसते.